पुरामुळे तळ्यातला प्रयोग दोन महिने लांबला. आता सप्टेंबरात मत्स्यबीज सोडावं की हे वर्ष जाऊ द्यावं?

तुम्ही लिहिलंय की राहता पुण्यात, खाद्याचा प्रयोग इंदापूरकडच्या तळ्यांत, जुलैत सोडायचं बीज पावसापाण्यामुळे अजून सोडलेलं नाही, गाईड म्हणतात 120 दिवस भरलेच पाहिजेत आणि प्रकल्प 31 मार्चला संपतोय. मी 2024 च्या पावसाळ्यात भिगवणजवळ हेच भोगलंय.

बीज सोडा, पण 120 दिवसांचा हट्ट धरू नका. 20 सप्टेंबरला सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) 120 दिवस भरेपर्यंत जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडतो. रोहू-कटला 25 ते 30 अंशांच्या पाण्यात भराभर वाढतात. माझ्या नोंदवहीत डिसेंबरच्या मध्यापासून सकाळचं पाणी 20-21 अंशांवर आहे. तरी मी ठरल्याप्रमाणे वजनाच्या 3 टक्के खाद्य घालत राहिले, कारण प्रस्तावात तसं लिहिलं होतं. जानेवारीत जाळं ओढायला उतरलो तर तळाशी न खाल्लेल्या खाद्याचा आंबूस लगदा. त्या महिन्याचे वाढीचे आकडे खाद्याबद्दल काहीच सांगत नव्हते, थंडीबद्दल सांगत होते. म्हणून 75 दिवस घ्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मासे मोजून मोकळे व्हा आणि रोज सकाळ-दुपार पाण्याचं तापमान लिहा. गाईडना पटवायला तो तक्ताच कामाला येईल.

आता माझा मोठा घोळ. नऊ छोटी मातीची तळी होती, तीन प्रकारची खाद्यं, प्रत्येकी तीन तळी. वरच्या बांधाला एक रांग, मधली एक आणि एक खाली, उजनी धरणाच्या पसरलेल्या पाण्याच्या बाजूला. मी सोयीसाठी एका रांगेला एक खाद्य ठरवलं. गोणी उचलायची आणि एकाच रांगेत टाकत जायचं, मामांचा गोंधळ नको. (मामा म्हणजे तळी सांभाळणारे. त्यांचा गोंधळ कधीच झाला नाही, सगळे घोळ माझेच.) जुलैच्या सुरुवातीला उजनी उणे टक्क्यांत होतं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलेलं. खालच्या रांगेच्या पलीकडे भेगाळलेला गाळ आणि शेळ्या. तिथवर पाणी चढेल हे माझ्या पुणेरी डोक्यात आलंच नाही.

25 जुलैला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट) आसपास पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत घरांत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेलच. तेव्हापासून पुण्यात शाळकरी पोरंही क्युसेक बोलतात. हिशोब करून बघा, हाच वेग चोवीस तास टिकला तर सुमारे 3 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात. खुद्द खडकवासल्याचा उपयुक्त साठा जेमतेम 1.97 टीएमसी. म्हणजे वरून पानशेत-वरसगाव धरणांचं आलेलं पाणी तिथे थांबूच शकत नाही, ते मुठेतून भीमेत आणि दौंडवरून उजनीत येतं. तुमच्या तळ्याचं भवितव्य इंदापूरच्या पावसावर जितकं, तितकंच इकडच्या घाटातल्या पावसावर ठरतं. मामांना हे माझ्याआधी ठाऊक होतं. रोज सकाळी फोनवर पहिलं वाक्य, “मॅडम, दौंडचा आकडा किती?” म्हणजे दौंडला नदीतून किती क्युसेक चाललंय.

ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरलं. खालच्या रांगेवर पाणी चढलं ते लोंढ्यासारखं नव्हे, तर गुपचूप, रोज वीतभर. तिसऱ्या दिवशी बांध दिसेना आणि आमच्या रोहूत बाहेरची चिलापी (तिलापिया मासा) मिसळली. तीन तळी गेली याचं दुःख होतंच, पण ती तिन्ही एकाच खाद्याची होती, म्हणजे अख्खा एक खाद्यप्रकार प्रयोगातून गेला. प्रत्येक रांगेत तिन्ही खाद्यांचं एकेक तळं चिठ्ठ्या टाकून ठेवलं असतं, तर खालची रांग बुडूनही प्रत्येक खाद्याची दोन तळी उरली असती. तुमचं बीज अजून सुटलेलं नाही, म्हणजे ही दुरुस्ती तुमच्या हातात आहे. सखल तळी एका खाद्याच्या वाट्याला येऊ देऊ नका. आणि वाटणी कशीही असो, एका तळ्यातले 200 मासे मोजले म्हणून नमुने 200 होत नाहीत. खाद्य तळ्याला मिळतं, नमुना तळंच. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात.

उरलेली तळी चालू ठेवली, आणि ऑगस्टअखेर मधल्या रांगेत नवं बीज सोडलं. जानेवारीपर्यंत रेटलं ते हेच.

त्या दिवसांत माझ्याकडे ऑक्सिजन मीटरही नव्हता. 25 तारखेच्या पहाटे तो माझ्या स्कूटरच्या डिकीत होता आणि स्कूटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीभर पाण्यात. मग पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायच्या विंकलरच्या जुन्या पद्धतीवर आले. मामांना काचेच्या बाटल्या आणि पहिली दोन द्रावणं देऊन ठेवली, ॲसिडचं काम माझ्याकडे. तळ्याच्या पाण्याने भरलेल्या बाटलीत दोन्ही घातली की साका बसतो, ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. सलग तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, शेवाळाला ऊन नाही, पाणी गढूळ. चौथ्या दिवशी पहाटे पाचला फोन. “मॅडम, आज चहा नाही, दूध झालंय.” एवढंच म्हणाले. मोटार लावून पाणी उंचावरून पाडायला सांगितलं. मामांनी ते आधीच सुरू केलं होतं. वरच्या रांगेतले मासे वाचले ते त्या बाटलीमुळे. मीटर असेल तरी बाटल्या ठेवा, चार्जिंग लागत नाही.

पुराच्या आठवड्यांतही नमुने घेत राहा. पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) किती उतरली, गढूळपणा मोजायला पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी किती सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली, चुना घातल्यावर किती दिवसांनी फरक पडला, हे मागून विकत मिळत नाही. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात बरं प्रकरण त्यातूनच झालं, मूळ प्रस्तावात ते नव्हतंच.

मुदतवाढीबद्दल. वाढीव पैसे न मागता फक्त मुदत मागा आणि जानेवारीची वाट पाहू नका. माझं पहिलं पत्र परत आलं, कारण मी “अतिवृष्टीमुळे विलंब” इतकंच लिहिलं होतं. दुसऱ्या पत्राला रोजच्या विसर्गाचे आकडे, तारखेसह फोटो आणि बीज केंद्राची रद्द झालेली पावती जोडली, वर नवं वेळापत्रक तापमानाच्या तक्त्यासकट. ते मंजूर झालं. राखणदाराचा पगार मात्र काम बंद असलेल्या महिन्यांतही चालू राहील अशी तरतूद आधी करून घ्या. मामांचे दोन महिने मी खिशातून दिले. नसते दिले तर ते ऊसतोडीच्या मुकादमाकडे निघून गेले असते.

20-25 सप्टेंबरपर्यंतही बीज मिळालं नाही तर यंदा नाद सोडा. त्यानंतर मिळालेली बोटुकली हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) दाट ठेवून अर्धपोटी जगवा आणि फेब्रुवारीत सोडा. अशी खुरटलेली बोटुकली उन्हाळ्यात जोमाने वाढते. पण मुदतवाढ हातात असेल तरच, आणि एप्रिल-मेमध्ये तळ्याला पाणी कुठून येणार ते शेतकऱ्याला आजच विचारून ठेवा. इंदापूरकडे आत्ता ज्याला पाणी नको झालंय, तोच तेव्हा टँकर शोधत असतो.