पिल्लू आणि थोरली मांजर: खेळ कुठं संपतो, भांडण कुठं सुरू होतं

पावसाची झड लागली की बेळगावात आणि खानापूरकडं परसातली, गंजीतली, माळ्यावरची मांजराची पिल्लं घरात उचलून आणली जातात. घरात बऱ्याचदा आधीचीच एक मोठी मांजर असते. मग चार-आठ दिवसांत तोच प्रश्न येतो: ही दोघं खेळतात का भांडतात? जनावरांच्या दवाखान्यात मी रोज हे सांगते, तरी गैरसमज तेच राहिलेत. म्हणून आलेल्या प्रश्नांना इथं एकेक करून उत्तरं देते.

आमची भाटी चार वर्षांची, नवीन पिल्लू तीन महिन्यांचं. रात्री दहा वाजले की दोघी एकमेकींना कवटाळून लोळतात, मानेला चावतात. आवाज काहीच नाही, पण बघून भीती वाटते. सोडवायचं काय? (शहापूर)

सोडवू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: आवाज नाही. खेळणारी मांजरं बहुतेक वेळ गप्प असतात. नखं आत असतात, कान पुढं असतात, आणि पाळी बदलते. एकदा पिल्लू वर, एकदा भाटी वर. मधे थांबतात, एखादी स्वतःचं अंग चाटून घेते, परत झोंबतात. पिल्लू तिरकं होऊन, पाठीची कमान करून, शेपूट फुगवून उड्या मारत असेल तर तोही खेळच.

भांडणात कान डोक्याला चिकटतात, अंग ताठ होतं, नजर हलत नाही. गुरगुर चढत जाते, मग किंचाळणं. केसांचे पुंजके जमिनीवर पडतात. पळापळ एकाच बाजूची असते: एक सतत मागं लागते, दुसरी सतत जीव घेऊन पळते. पोट वर करून पडली म्हणजे ती हरली, असं लोक समजतात. ते खरं नाही. त्या स्थितीत तिचे चारही पंजे आणि दात मोकळे असतात, त्यामुळं कान आणि आवाज बघितल्याशिवाय पोटावरून काही ठरवू नका.

स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये २१० मांजरांचे १०५ व्हिडिओ तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुस्ती खेळाकडं झुकलेली दिसली, आवाज आणि पाठलाग भांडणाकडं. पण त्यात खेळ आणि भांडण यांच्या मधला एक तिसरा गटही निघाला. मला स्वतःला हा मधला गट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुरुवात खेळानं होते, मग एकीला नको होतं आणि दुसरीला ते कळत नाही. अशा वेळी झटापट संपल्यावर काय होतं ते बघा. खेळ झाला असेल तर दोघी त्याच खोलीत पसरतात. तसं नसेल तर एक कपाटाखाली जाते आणि जेवायलाही बाहेर येत नाही. शंका असेल तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटं चित्रण करून तुमच्या डॉक्टरांना दाखवा. नुसत्या वर्णनावरून कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही.

मोठी मांजर पिल्लाला दिवसातून एक-दोनदा फिस्कारते, पंजा उगारते. वाईट लक्षण आहे काय? (अनगोळ)

नाही. ती पिल्लाला मर्यादा शिकवते, त्यासाठी तिला रागावू नका.

गवताच्या गंजीत सापडलेलं पिल्लू आणून सरळ स्वयंपाकघरात सोडलं. बोका दिवसभर गुरगुरायलाय. शेजारी म्हणतात, दोन दिवस भांडू दे, त्यांचं ते बघून घेतील. खरं काय? (खानापूर तालुका)

हा सल्ला कृपा करून कुणी कुणाला देऊ नये. मांजराला हद्द कळते, आणि अनोळखी वास म्हणजे तिच्या लेखी घुसखोर. पहिली भेट किंचाळण्यानं झाली तर ती आठवण महिनोन्‌महिने टिकते.

आजच पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचं पाणी, जेवण आणि वाळूचा ट्रे तिथंच. बाहेरून आणलेलं पिल्लू दोन आठवडे तरी वेगळं राहायला हवं. जुलाबाचा घातक विषाणू, सर्दीचे विषाणू आणि गजकर्ण ही तीन दुखणी त्याच्याबरोबर घरात येतात. एकाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना खायला द्या. दोघंही निवांत खातात असं दिसलं की दार बोटभर उघडा. एकत्र भेट सगळ्यात शेवटी, पाच-दहा मिनिटांची, तुमच्या डोळ्यांसमोर. कुठं दोन आठवड्यांत जमतं, कुठं दोन महिने लागतात. वेगळं ठेवल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लाला तपासून घ्या.

'दोन महिन्यांचं पर्शियन' म्हणून पिल्लू विकत घेतलं, येऊन वीस दिवस झाले. आमच्या सात वर्षांच्या बोक्याला इतकं जोरात चावतं की तो ओरडून पळतो. आमच्या हातालाही तसंच. ही जातच रागीट आहे काय? (टिळकवाडी)

जात रागीट नाही. पिल्लू आईपासून लवकर तोडलंय, असा माझा दाट संशय आहे. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण असं पिल्लू बघितल्याशिवाय माझा आठवडा जात नाही.

चौथ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांशी झोंबायला लागतात. एकानं जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला चावलं तर ती पंजा मारते आणि उठते. जोरात चावलं की खेळ संपतो, हा धडा पिल्लाला तिथंच मिळतो आणि तो पक्का व्हायला बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. विकणारे पिल्लू तीस-पस्तीस दिवसांचं झालं की उचलतात. कारण लहान, गुबगुबीत पिल्लू पटकन खपतं आणि पुढचा महिनाभर खाऊ घालायचा खर्च वाचतो. त्या दिवशी पिल्लाची शाळा बंद होते. पुढं तुमचा बोका चाव्याबद्दल ओरडतो, तेव्हा पिल्लाला त्याचा अर्थच लागत नाही.

वय तोंडी सांगण्यावर मानू नका. निरोगी पिल्लू साधारण महिन्याला साडेचारशे ग्रॅमच्या हिशोबानं वाढतं, म्हणजे दोन महिन्यांचं ८०० ते ९०० ग्रॅम भरायला हवं. 'दोन महिन्यांचं' सांगून विकलेलं पिल्लू माझ्या काट्यावर ४१० ग्रॅम भरलेलं आहे. आठ आठवड्यांना दुधाचे २६ दात पूर्ण आलेले असतात. दाढा अजून हिरडीतच असतील तर लसीच्या कार्डावर काहीही लिहिलेलं असो, पिल्लू लहान आहे. आणि त्या कार्डाचंही बघा. 'सगळ्या लसी झाल्या' असं दोन महिन्यांच्या पिल्लाच्या कार्डावर असूच शकत नाही. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर.

आता उपाय. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं, काठीला बांधलेल्या दोरीनं पिल्लाला दमवा, आणि खेळून झाल्यावर दोरी उचलून ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकते. हाताशी खेळणं घरातल्या सगळ्यांनी आजपासून बंद. चावलं की खेळ तिथंच थांबवून उठून जा. बोक्याला पिल्लू चढू शकणार नाही अशी उंच फळी हवी. ट्रे तीन ठेवा, दोन मांजरांना दोन पुरत नाहीत.

पण मला जास्त काळजी बोक्याची आहे. चावऱ्या पिल्लाकडं सगळ्यांचं लक्ष जातं, गप्प बसलेल्या थोरल्याकडं कुणाचंच जात नाही. ताणाखाली असलेल्या बोक्याची लघवी तुंबू शकते. तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि थेंबच येतोय, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो. या आठवड्यात दोघांनाही दाखवून आणा.

चार दिवसांपूर्वी भाटीच्या शेपटीच्या बुडाशी चावा दिसला. हळद-तेल लावलं. आता तिथं सूज आहे आणि ती जेवत नाही. पिल्लानंच चावलं असेल काय? (निपाणी)

चार दिवस कशाला थांबलात? मांजराचा सुळा सुईसारखा असतो. वरचं भोक दुसऱ्या दिवशी मिटतं आणि घाण आत राहते, दोन ते चार दिवसांत गळू होतं. हळद वरच राहते, पू आत असतो. डेटॉल, फिनेल लावू नका, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. आणि माणसाची पॅरासिटामॉल तर कणभरही नको, त्यानं मांजर मरतं.

चावा मागच्या बाजूला आहे, म्हणजे ती पळत होती. पिल्लाच्या दातांनी सहसा असं गळू होत नाही. रात्री कौलावरून बाहेरचा बोका येतो का ते बघा. नसबंदी झाली नसेल तर गळू बरं झाल्यावर त्याचं बोला. पण आधी आज, हे वाचून झाल्यावर, तिला दवाखान्यात न्या.

भांडण सुटेना तर पाणी मारलं तर चालतं काय? (संकेश्वर)

नाही. मधे सूप, पुठ्ठा किंवा जाड चादर घाला.

दुकानदारानं भांडण थांबवायचा पट्टा दिला आणि कुत्र्याचं पिसवांचं औषधही 'दोघांना चालतं' म्हणून दिलं. वापरू काय? (हिंदवाडी)

पट्ट्यानं ओळख करून देण्याचं काम होत नाही. पैसे त्यात घालण्याआधी वरचं खानापूरचं उत्तर वाचा. कुत्र्याचं औषध मात्र उघडूच नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात आणि ते दगावतं. लावून झालं असेल तर पाकीट घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

आमची अकरा वर्षांची मांजर वर्षभर पिल्लाला जवळ घेऊन झोपायची. पंधरा दिवसांपासून ते जवळ गेलं की मारायलीय. (चिकोडी)

म्हाताऱ्या मांजराचा स्वभाव असा अचानक बदलत नाही, तिचं काहीतरी दुखतंय. सांधे, दात, थायरॉइड, मूत्रपिंड, या क्रमानं मी तरी शोधीन. रक्त तपासून घ्या आणि तोवर लहानाला तिच्यापासून लांब ठेवा.

दोघांना सोडवताना मला चावलं, रक्त आलं. घरचीच मांजर आहे, तरी इंजेक्शन घ्यायचं काय? (वडगाव)

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, वर काही बांधू नका, आणि माणसांच्या डॉक्टरांकडं आजच जा. घरची असली तरी रेबीजची लस चुकली असेल, ती बाहेर फिरत असेल, तर घरच्या असण्याला काही अर्थ नाही. रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं का, हे ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही. मांजराच्या चाव्यानं हात चोवीस तासांत सुजतो, तेही त्यांना दाखवा. मांजरांना दहा दिवस घरातच ठेवून लक्ष ठेवा, आणि त्यांची लसीची कार्डं घेऊन माझ्याकडं किंवा तुमच्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात या.