मजुरीवर छापील किंमत नसते

प्रश्न : मी धायरीला राहतो. गेल्या महिन्यात ताम्हिणीमार्गे मोटरसायकलवरून एकटाच दिवेआगरला निघालो होतो. घाट उतरून निजामपूरच्या पुढे गेलो आणि क्लचचा लिव्हर एकदम सैल पडला. गाडी ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. केबल तुटलीय आणि प्लेटाही जळाल्यात, असं मेकॅनिकनं सांगितलं. दीड तासात काम झालं. केबल ३५०, प्लेटा १४५०, मजुरी १४००, असे ३२०० रुपये मी फोनवरून भरले. बिल दिलं नाही. पुण्यातला माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, मजुरी पाचशेच्या वर नको होती. मित्र म्हणतात, पैसे न देताच निघायचं होतं. मी फसलो का? आता काही करता येईल का?

उत्तर : फसला असाल, पण तुम्ही दाखवताय त्या जागी नाही.

मजुरीचं दुःख आधी बाजूला ठेवा. मजुरी किती घ्यावी हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पुण्यातल्या मेकॅनिकला तुम्ही पुढच्या सर्व्हिसिंगला परत यायला हवे असता, म्हणून तो पाचशेत भागवतो. निजामपूरच्या त्या माणसाला तुमचं तोंड पुन्हा दिसणार नव्हतं. चौदाशे जास्तच आहेत, पण तुम्ही आधी विचारलं नाहीत आणि त्यानं सांगितलं नाही. याला मी महाग म्हणेन, लबाडी म्हणणार नाही.

लबाडीचा संशय मला प्लेटांवर आहे. माझं माहेर नाना पेठेतलं, वडिलांचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान. लग्नाआधी मी तिथे काउंटरवर बसायचे. रस्त्यात लुटलं म्हणून कुणी तणतणत आलं की वडील एकच विचारायचे, "पुडकं कुठंय?" पुडक्यावर पार्ट नंबर असतो, कंपनी असते आणि सगळे कर धरून छापलेली किंमत असते. त्या किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, "वर जीएसटी वेगळा" हेही चालत नाही. बाकी सगळी घासाघीस पुडकं हातात आल्यावर.

तुमच्याकडे पुडकं नाही आणि जुन्या प्लेटाही नाहीत. मग गाडीलाच विचारू. लिव्हर एकदम सैल पडला म्हणजे केबल तुटली, यात शंका नाही. पण प्लेटा जळल्या तर त्या अशा अचानक सांगत नाहीत. आधी काही दिवस चढावर इंजिन ओरडतं, रेझ वाढते आणि गाडी मात्र ओढत नाही. मुळशीच्या पुढच्या चढांवर असं काही जाणवलं होतं का? नसेल, तर प्लेटा शाबूत असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी खूण उजव्या बाजूच्या क्लच कव्हरवर सापडेल. प्लेटा बदलायच्या तर ते कव्हर उघडावं लागतं. त्यासाठी बहुतेक जण इंजिन ऑइल काढतात आणि पॅकिंग, म्हणजे कव्हरच्या सांध्यातून ऑइल गळू न देणारी पातळ पट्टी, नवं घालतात. तुमच्या हिशेबात ऑइलही नाही आणि पॅकिंगही नाही. गाडी डावीकडे कलती करून ऑइल न काढता काम उरकणारे हुशार लोक आहेत, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण तुमच्या मेकॅनिकला म्हणावं, मजुरीवर मत देण्यापेक्षा कव्हरचे बोल्ट बघ. त्यांच्यावर पान्याच्या ताज्या खुणा नसतील आणि कडेला जुनंच पॅकिंग दिसत असेल, तर कव्हर उघडलंच नव्हतं. तसं निघालं तर त्या जागेचे फोटो काढून ठेवा.

मित्रांचा सल्ला मात्र ऐकला नाहीत ते बरं केलंत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, दुरुस्तीला दिलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे काम केलेला कारागीर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो. पैसे न देता गाडी काढायला गेला असतात, तर भांडणात कायदा त्याच्या बाजूनं उभा राहिला असता. अशा वेळी पैसे द्यायचे, पण रोख नाही. तुम्ही फोनवरून दिलेत, म्हणजे तारीख, रक्कम आणि कुणाला दिले हे सगळं नोंदलं गेलंय. आज हातात तेवढंच आहे आणि ते पुष्कळ आहे.

आता पुढचं. त्या गॅरेजला फोन करा आणि शांतपणे बिल मागा, पार्ट नंबरासकट. नंबर मिळाला की छापील किंमत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात कळते. त्यानं उडवून लावलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच धरली आहे. याच कायद्यानं आणखी एक मोठी सोय केली. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणजे रायगडला खेटे घालायला नकोत, पुण्यातच दाद मागता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

मी आयोगात गेले असते का? मजुरीसाठी नाही. पण न उघडलेल्या क्लचचे १४५० घेतलेत हे बोल्टवरून दिसलं असतं, तर नक्की गेले असते.

आणि पुढच्या वेळी नवी केबल जुनीच्या जोडीनं आधीच ओढून, दोन्ही टोकं बांधून ठेवा. घाटातले जुने रायडर हेच करतात. तुटली की टोकं बदलायची, अर्ध्या तासाचं काम.

प्रश्न : नोकरी हिंजवडीला. बायपासवर ट्यूबलेस टायरची हवा कमी वाटली म्हणून थांबले, तर पंक्चरवाल्यानं पाच पंक्चर दाखवली आणि पट्टीमागे दीडशे घेतले. एका खिळ्यानं पाच भोकं?

उत्तर : एका खिळ्यानं नाही, पण एका टोच्यानं सहज पडतात. तुम्ही फोनमध्ये बघत असताना. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे कुठे येतात ते स्वतः बघायचं, तिथे खडूनं खूण करायला लावायची, मोजायचं, एका पट्टीचे किती ते ठरवायचं आणि मगच त्याला टोच्या उचलू द्यायचा. खिळा टायरमध्ये रुतलेला असेल तर उपटू नका. ट्यूबलेसची हवा बहुधा हळूहळू जाते. पेट्रोल पंपावर फुकट भरून घ्या आणि हळू चालवत ओळखीच्या दुकानापर्यंत जा. ऑफिसला दहा मिनिटं उशीर होईल, होऊ द्या.