टायर सोळा इंची आणि पाटल्या गहाण

औसा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय 37. सहा एकर रान, गावात खतं-बियाण्यांचं छोटं दुकान, घरी आई, पत्नी आणि दोन मुली. जुनी घेतलेली डिझायर आहे, चारही टायर गुळगुळीत झालेत. लातूरच्या टायरवाल्यानं सांगितलं, 165/80 आर 14 काढा आणि अलॉय रिमसकट 205/60 आर 16 टाका. खर्च 65 हजार. 'जूनमध्ये पॉलिसीचा 80 हजार बोनस येतोय, त्यातून करतो. गाडी उंच होईल, शिवारातल्या रस्त्यावर घासणार नाही, मायलेजही वाढेल असं तो म्हणतो. करू का?'

पत्राच्या शेवटी जाता जाता दोन ओळी आहेत. 'पॉलिसी साडूकडून काढलेली आहे, हप्ता वर्षाला 32 हजार. मागची दोन वर्षं मिरगाच्या तोंडावर पैसे अडले, म्हणून मंडळींच्या पाटल्या ठेवून हप्ता भरला. यंदा सोयाबीनला साडेसहा हजार भाव धरलाय, तेव्हा सोडवीन.'

आधी टायर, कारण ते लवकर उरकतं.

टायरवरचे आकडे वाचायला सोपे आहेत. 165 ही मिलिमीटरमधली रुंदी, 80 म्हणजे रुंदीच्या 80 टक्के रबराची उंची, 14 हा रिमचा इंचातला व्यास. तुमच्या टायरचं रबर 132 मिलिमीटर उंच. वरचं, खालचं आणि मधली रिम धरून पूर्ण चाक 620 मिलिमीटरचं. टायरवाला सांगतोय ते 652 चं, म्हणजे पाच टक्के मोठं.

मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. चाक पाच टक्के मोठं झालं, तर मीटरवर 80 दिसताना गाडी 84 नं पळणार. कंपनीचे मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी असेल, पण ती राखीव जागा तुम्ही 65 हजार देऊन घालवताय. शिवाय 105 किलोमीटर चाललेली गाडी 100 च लिहिणार. मायलेज काढायला त्याच मीटरचा आकडा वापरता ना? मग ते वाढलेलं दिसणार नाही, उलट घटलेलं दिसेल. त्यात चाक जड आणि रुंद, म्हणजे खरंही थोडं घटेल आणि पिकअप बसेल.

उंचीचं ऐका. व्यास 32 मिलिमीटरनं वाढला, तरी गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते. 16 मिलिमीटर, दीड सेंटिमीटर म्हणा. रिम आणि रस्ता यांच्यामधलं रबर मात्र 132 वरून 123 वर येतं. खड्ड्याचा धक्का खाणारं रबरच कमी झालं, तर शिवारातल्या रस्त्यावर अलॉय वाकणार आणि दणका पाठीला लागणार. चार माणसं आणि डिकीत दोन पोती घेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवलंत, की टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याचीही शक्यता आहे. स्टेपनी 14 चीच राहणार, ती वेगळीच पंचाईत. आणि कंपनीच्या मापाबाहेरचा बदल विमा कंपनीला न कळवता केला, तर क्लेमच्या दिवशी सर्व्हेअरला बोट ठेवायला आयती जागा मिळते.

हौसच असेल, तर डिझायरच्या वरच्या मॉडेलला कंपनी स्वतः 185/65 आर 15 देते. त्याचा व्यास साधारण 621. तुमच्या चाकापेक्षा दीड-दोन मिलिमीटरचा फरक, मीटरला पत्ताही लागत नाही. असं माप निवडायला कंपनीनं इंजिनिअर बसवलेत. टायरवाल्याला मात्र स्टॉक खपवायचाय.

आता त्या 80 हजारांकडे येऊ. त्याला बोनस म्हणू नका. तुमची मनीबॅक आहे, म्हणजे मुदतीत अधूनमधून थोडे पैसे परत देणारी पॉलिसी. विमा रक्कम 4 लाख, मुदत 20 वर्षं, हप्ते 15. पाच वर्षांत 32 हजारांप्रमाणे 1 लाख 60 हजार तुम्ही भरलेत. त्यातले निम्मे तुमचेच तुम्हाला परत मिळतायत, तेही बिनव्याजी. कपाळाला कुंकू लावून आपलाच नारळ आपल्याला दिल्यासारखं.

आणि हे पत्रात कुठंच नाही: ज्या तारखेला 80 येणार, त्याच तारखेला 32 हजारांचा सहावा हप्ता आहे. उरले 48. टायरचे 65. मग 17 हजार कमी पडणार, वर बियाणं आणि खत. पाटल्या तिसऱ्यांदा जाणार. सोनं महागल्यामुळे त्याच पाटल्यांवर आणखी पैसे मिळतात, म्हणून हे संकटासारखं वाटत नाही, इतकंच.

दोन हप्ते आणि थोडं वरचं मिळून 70 हजारांचं तारण आहे, व्याज महिना दीड टक्का. वर्षाला 12,600 व्याज होतं, आणि तुम्ही फक्त व्याज भरून नूतनीकरण करता. हे कशासाठी, तर पॉलिसी चालू ठेवायला. ती पॉलिसी काय देते? दर पाच वर्षांनी 80 हजार असे तीनदा, शेवटी 1 लाख 60 हजार आणि वर 20 वर्षांचा बोनस, समजा 3 लाख. हिशेब मांडला तर वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास परतावा. पीपीएफसुद्धा 7.1 देतं. 18 टक्क्यांनी पैसे उचलून चार टक्क्यांत घालायचे, हा धंदा तुम्ही तुमच्या दुकानात एक दिवस तरी कराल का? उधारीवर पोतं देताना गिऱ्हाईकाचे आजोबा कोण इथपर्यंत चौकशी करता, आणि इथं साडूनं फॉर्म पुढं केला म्हणून सही केलीत.

बरं, चार टक्के जाऊ द्या. उद्या तुम्हाला काही झालं, तर घरी येणार जेमतेम चार ते सहा लाख. दोन मुली, म्हातारी आई आणि गहाण पाटल्या. याला मी विमा म्हणायला तयार नाही.

सोयाबीनवर तर विसंबूच नका. 2025-26 चा हमीभाव 5,328 होता आणि बाजारात त्याच्याही खाली विक्री झाली. तुम्ही साडेसहा धरताय. 2021 च्या पावसाळ्यात लातूरला दहा हजारांपुढे गेलेला भाव लोकांच्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि त्या आठवणीवर मराठवाड्यात किती दागिने गहाण पडले असतील देव जाणे.

मी असं करीन. 80 आले की त्याच आठवड्यात 70 आणि चढलेलं व्याज भरून पाटल्या घरी आणायच्या. तो महिना-दीड टक्का तिथंच थांबतो. त्याआधी, आत्ताच, 50 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, साठीपर्यंतचा काढायला घ्या. तंबाखू खात नसाल तर वर्षाला आठ-दहा हजार पडेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, थोडे जास्त जाऊ द्या. तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून जूनची वाट बघू नका. टर्मची पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी थांबवायची नाही.

जुनीचं काय, तर कंपनीच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेडअप केली तर 20 व्या वर्षी किती. साडूकडून नको, शाखेतून. इथून पुढं भराल त्या पैशावर पाच-साडेपाच टक्केच सुटतील, म्हणून माझा कल पेडअपकडे. म्हणजे हप्ता बंद, भरलेलं बुडत नाही, मुदतीला कमी रक्कम मिळते. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत हप्ता भरायला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्यात ठरवा. साडूला वाईट वाटेल. दिवाळीला जेवायला बोलवा, पण पॉलिसीचा विषय काढू देऊ नका.

हप्त्याचे 32 वाचले. त्यातले दहा टर्मला. बाकीचे 22 हजार वेगळ्या खात्यात पुढच्या मिरगासाठी, त्याला हात लावायचा नाही.

टायर मात्र पावसाआधी बदलाच, गुळगुळीत टायरवर पावसात गाडी चालवू नका. तेच 165/80 आर 14, चार मिळून 16-17 हजारांत बसतील. तारण सोडवून सात-आठ हजार उरतील, बाकीचे दुकानातून घाला. आणि पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 0924 दिसलं तर तो 2024 च्या नवव्या आठवड्यातला, 'नवा माल' म्हणून चढवू देऊ नका. स्टेपनीचेही आकडे बघून ठेवा. जुनी गाडी घेतलीत, ती बहुधा अजून पहिलीच असेल.