मागून आलेले जॉब पुढे कसे जातात?

प्रश्न : सर, सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरवर मी एक जॉब (म्हणजे चालवायला दिलेला प्रोग्राम) टाकलाय. तो ६४ प्रोसेसरचा आहे, चालायला सहाएक तास लागतात. कालपासून क्यूमध्ये अडकलाय, आता पहिल्या नंबरवर आहे तरी सुरू होत नाहीये, आणि ४० प्रोसेसर मोकळे दिसत असताना माझ्यामागून आलेले जॉब त्यात घुसतायत. हा अन्याय नाही का? जॉब देताना किती वेळ लागेल ते लिहावं लागतं, तिथे मी सेफ म्हणून ४८ तास टाकलेत.

उत्तर : चिडचिड होणारच, पण तुमचा नंबर कुणी खाल्लेला नाहीये. याला बॅकफिल म्हणतात. अमेरिकेतल्या आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत डेव्हिड लिफ्का यांनी आयबीएमच्या एसपी या अनेक प्रोसेसरच्या मशीनसाठी ही पद्धत १९९५ मध्ये मांडली आणि आजचे बरेच शेड्यूलर, म्हणजे कुठला जॉब कधी चालवायचा ते ठरवणारे प्रोग्राम, तिच्याच वाटेने जातात.

समजा एकूण १०० प्रोसेसर आहेत नि ६० अजून चार तास अडकलेत. तुम्हाला ६४ हवेत, म्हणजे तोवर तुमचं काही होत नाही, मग शेड्यूलर तुमच्या नावाने चार तासांनंतरची जागा धरून ठेवतो आणि मधल्या वेळात ४० रिकामे ठेवण्यापेक्षा ३० प्रोसेसरचा तीन तासांचा जॉब आत सोडतो, तो तुमच्याआधी संपणारच. उरलेल्या १० वर कुणी दहा तासांचा टाकला तरी चालतं, कारण तुमचे ६४ देऊनही ३६ उरतात. तुम्हाला एक मिनिटही उशीर होत नाही.

हे गणित लोकांनी लिहिलेल्या वेळेवर चालतं बरं का. तुम्ही क्यूत मागे होतात तेव्हा आठ-दहा तासांची फट पडली असेलही, पण ४८ तासांचा जॉब तिच्यात बसणार कसा? ८ लिहा. नेमके ६ नको, वेळ संपली की जॉब मारला जातो.

आणि खरं सांगू, ६४ चा हट्टच सोडून बघा. प्रोग्रामचा ५ टक्के भाग जरी एकामागून एकच चालणारा असेल तर अॅमडालच्या नियमाने (तो एकामागून एक चालणारा भाग प्रोसेसर वाढवूनही लवकर संपत नाही) ६४ प्रोसेसरवर वेग एका प्रोसेसरच्या साधारण १५.४ पट होतो आणि ३२ वर १२.५ पट, म्हणजे सहा तासांचं काम जवळपास साडेसात तासांत, आणि ३२ तर त्या मोकळ्या ४० मध्ये आत्ताच मिळतायत! दीड तास वाचवायला तुम्ही अख्खा दिवस थांबलात. आधी छोटा डेटा घेऊन १६, ३२, ६४ वर एकेकदा चालवा, वेळ लिहून ठेवा, मग आकडा ठरवा.