माणूस गेला की उधारीही जाते का?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. पॅकिंग मशीनचे सुटे भाग चीनमधल्या वेन्चौहून मागवतो. तिथल्या सेल्सच्या बाई ३० टक्के ॲडव्हान्स आणि बाकी रक्कम बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या कागदाची, कॉपी आल्यावर, अशा अटींवर माल द्यायच्या. दिवाळीला शुभेच्छा, मुलीच्या दहावीची चौकशी, सगळं. आता त्या दुसऱ्या कारखान्यात गेल्या. नवा माणूस पूर्ण पैसे आधी मागतो आणि बाई म्हणतात, ऑर्डर माझ्याकडे वळवा. मग इतकी वर्षं आमचा संबंध होता कुणाशी?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बाईंशीच होता, दादा. चीनमध्ये ज्याला ग्वान्शी म्हणतात ती ओळख, देणंघेणं माणसामाणसांत असतं, लेटरहेडशी नसतं. तुमची उधारी बाईंच्या शब्दावर चालत होती. नव्या माणसाने तुमच्यासाठी मालकाकडे शब्द का टाकावा? तो तुम्हाला ओळखतही नाही. त्याचा राग धरू नका.

तुमचा माल वेन्चौचा आहे म्हणून सांगते. ते गावच ओळखीवर उभं राहिलं. बँका छोट्या धंद्यांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या भिशीसारख्या मंडळांतून आणि नातेवाइकांकडून पैसे उचलून कारखाने काढले. पण २०११ मध्ये तीच साखळी तुटली. देणी थकली, कित्येक मालक गाव सोडून पळाले आणि चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वन च्यापाव यांना तिथे जाऊन बँकांना सबुरीने घ्यायला सांगावं लागलं. ओळखीच्या जोरावर किती ताणायचं, हे तिथला व्यापारी तेव्हापासून चांगलं जाणतो.

मी तुर्भ्याच्या एका कंपनीत खरेदी बघायचे, तेव्हा वेन्चौच्याच भागात एका कारखान्याच्या मालकाने जेवायला बोलावलं होतं. यजमान दाराकडे तोंड करून, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. मी नेमकी त्या खुर्चीत, आणि त्या दिवशी माझी संकष्टी! फळांवर भागवलं. बायच्यू नावाची त्यांची जहाल दारू येत राहिली, मी चहाच्या पेल्याने साथ दिली. मात्र पेला टेकवताना मालकाच्या पेल्यापेक्षा किंचित खाली धरला. तेवढं त्यांनी बरोबर टिपलं. आमचा साचा अडकला होता, त्याचा विषय मी काढलाच नाही. फळं संपायच्या आत मालकाने साचेवाल्या चुलतभावाला फोन लावला आणि आमचं काम पुढे घेतलं. महिन्याभराने त्याचा निरोप : मुंबईत अमुक एका गिऱ्हाइकाशी ओळख करून द्याल का? करून दिली. या फेडीला तिथे फार किंमत आहे. घेणाराच राहिलात तर पुढच्या वेळी फोन लागत नाही.

तेव्हा आता स्वतः जा. एप्रिल-मेमध्ये ग्वांगचौला कँटन फेअर ही मोठी व्यापारी जत्रा असते, त्याला जोडून वेन्चौ करा. मालकालाच भेटा, नव्या माणसालाही जेवायला घ्या. बाईंबद्दल वाईट बोलू नका आणि अटींवरून त्याला चारचौघांत कोंडीत पकडू नका. त्याचा चेहरा पडला की विषय संपला. पहिल्या ऑर्डरला थोडा जास्त ॲडव्हान्स द्या, जुन्या अटी पुढच्या ऑर्डरला मागा. भेट म्हणून काजू न्या, घड्याळ अजिबात नको, तिथे त्याचा संबंध मरणाशी लावतात.

बाईंनाही तोडू नका. एक लहान ऑर्डर नव्या ठिकाणी टाकून बघा. फक्त करारावर त्या कंपनीचा लाल गोल शिक्का हवा. नुसत्या सहीवर विसंबू नका. माल निघण्याआधी तपासणीही हवी. ओळख आहे म्हणून यातलं काही सोडलंत, तर वाद झाल्यावर हातात फक्त चॅट उरेल. आणि कारखाना सोडून कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे भरायला सांगितलं, तर बाई कितीही जुन्या असोत, ऑर्डर तिथेच थांबवा.