सामू ४.७ आला म्हणून ट्रकभर डोलोमाइट उतरवून घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कर्नाटकात सकलेशपूरजवळ सहा एकर जुनी कॉफीची बाग घेतली आहे, वरच्या अंगाला अरेबिका, ओढ्याकडे रोबस्टा. माती तपासली तर सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४.७ आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी. दुकानदार म्हणतो एकरी दोन टन डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाली चुनखडी, टाका. शेजारचे म्हणतात कॉफीला आंबट मातीच लागते, काही करू नका. आणि सांगलीला द्राक्षबागेत आयुष्य गेलेले तुमचे वडील चुन्याचं नाव काढलं तरी भडकतात. शिवाय आंबट मातीने कॉफीची चवही आंबट होते का, हेही विचारलंत.

वडिलांचं चुकत नाहीये, फक्त ते दुसऱ्या मातीबद्दल बोलताहेत. तिकडे काळी, चुनखडीची जमीन, सामू आठच्या आसपास. लोह मिळत नाही, शेंडा पिवळा पडतो, मग फेरस सल्फेट आणा, गंधक टाका. सगळी धडपड सामू खाली आणण्याची. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश धुऊन नेतो आणि मातीच्या कणांवर त्यांच्या जागी हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बसतात. वडिलांना कोकणातली जांभ्याची जमीन आठवून बघायला सांगा, म्हणजे लगेच पटेल.

शेजाऱ्यांचं निम्मं खरं. कॉफी मुळात जंगलातलं, सावलीतलं झाड. थोडी आम्लता तिला चालते. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ती सुखात असते. पण ४.७ म्हणजे थोडी नव्हे. सामूचा आकडा एकने उतरला की आम्लता दहापट होते, त्यामुळे ५.७ आणि ४.७ मधला फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. पाचच्या खाली गेलं की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि खरा त्रास तिथे सुरू होतो. मुळांची टोकं जाड, बुटकी, तपकिरी होतात, बारीक तंतुमुळं फुटत नाहीत, मुळं खाली उतरायचं नाव घेत नाहीत. मग फेब्रुवारीत ऊन चढलं की शेजारच्या बागेआधी तुमची झाडं माना टाकतात, आणि आपण पाणी कमी पडलं म्हणतो. स्फुरदाचंही तेच. लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून ठेवतात. तुमच्या अहवालात स्फुरद कमी दिसतंय ते यामुळेच असणार. त्यावर डीएपी या स्फुरदाच्या खताची पोती ओतली तर त्यातलंही बरंचसं अडकूनच बसेल.

आता दुकानदार. चुना, म्हणजे चुनखडीची किंवा डोलोमाइटची भुकटी, लागेल, यात वाद नाही. पण किती, हे नुसत्या सामूवरून कुणालाच सांगता येत नाही. सामू फक्त आत्ता मातीच्या पाण्यात किती आम्ल आहे ते सांगतो. मातीच्या कणांवर किती साठलेलं आहे ते सांगत नाही. सामू ४.७ असलेल्या वाळूसर मातीला थोड्या चुन्यात भागतं, तितकाच सामू असलेल्या चिकण, पालापाचोळ्याने काळ्या झालेल्या मातीला कितीतरी जास्त लागतो. म्हणून प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' वेगळी काढून मागा. ती बफर द्रावण वापरून काढतात. सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जमत असेल तर ॲल्युमिनियमही. बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेकडे किंवा कॉफी बोर्डाच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करा. कॉफीच्या मातीचे अहवाल बघणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. सामू साध्या पाण्यात काढलाय की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, तेही विचारा. दुसऱ्या पद्धतीत आकडा सहसा अर्ध्या अंकाच्या आसपास खाली येतो आणि माणूस उगाच घाबरतो.

नमुना कसा घेतला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. अरेबिका आणि रोबस्टाचे नमुने वेगळेच हवेत. खत टाकून दीड-दोन महिने तरी झालेले असावेत. पाला बाजूला सारून, नऊ इंचांपर्यंत, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची एकसारखी चकती काढायची. अशा दहा-पंधरा जागा, मग सगळं मिसळून चार भाग करत अर्धा किलो उरवायचं. माझा आणखी एक आग्रह: एखाद्या ठिकाणी वरचे चार इंच आणि त्याखालचे पाच इंच वेगळे पाठवा. जुन्या बागांमध्ये, जिथे वर्षानुवर्षं खत झाडाच्या बुंध्याभोवती पडलंय, तिथे वरचा थर आणि खालची माती यांत जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

त्याचं कारण खत, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. अमोनियावाल्या नत्राचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं. समजा एकरी वर्षाला ६० किलो नत्र देताय. ते सगळं अमोनियम सल्फेटमधून दिलं तर तयार होणारं आम्ल मारायला ३२० किलोच्या आसपास शुद्ध चुनखडी लागते. तेवढंच नत्र युरियातून दिलं तर साधारण ११० किलो. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये चुनखडीची भर असतेच, त्यामुळे त्याचा भार नगण्य. हे पुस्तकी हिशोब आहेत, नायट्रेट पावसात वाहून गेलं की प्रत्यक्षात वाढतातच. पण अंदाज येतो. आधीच्या मालकाने कोणतं खत वापरलं ते त्यांच्या जुन्या रायटरला (बागेचा कारकून) किंवा मेस्त्रीला (मजुरांचा मुकादम) विचारा, वह्या असतील तर उत्तमच. एका हाताने चुना आणि दुसऱ्या हाताने अमोनियम सल्फेट टाकत राहिलात तर गळक्या हौदात पाणी भरल्यासारखं होईल. माझ्या मते चुन्याच्या बिलाआधी खताचं वेळापत्रक बदलायला हवं: अमोनियम सल्फेट बंद, युरियाचे डोस लहान आणि जास्त वेळा, जमेल तिथे नत्राचा काही भाग शेणखत आणि कॉफीच्या सालीच्या कंपोस्टमधून.

आता प्रत्यक्ष चुना. एका वेळी एकरी टनापेक्षा जास्त मी टाकत नाही, गरज कितीही निघो. दोन टन निघाली तर दोन वर्षांत विभागतो. उभ्या बागेत चुना मातीत खोल मिसळता येत नाही. कॉफीची अन्न शोषणारी मुळं वरच्या फुटभरातच असतात आणि कुदळ मारली तर तीच तुटतात. मग वरच्या दोन इंचांतच सगळा चुना साचतो, तिथला सामू सातवर जातो, जस्त आणि लोह अडतं आणि शेंड्याची पानं बारीक, अरुंद, पिवळी पडतात. खाली मात्र माती आहे तशीच. वडिलांना तेव्हा 'मी सांगत होतो' म्हणायची आयती संधी मिळेल. लक्ष्य ५.५ ते ६ ठेवा. साडेसहाचा हट्ट उभ्या बागेत महाग पडतो.

झाडामागे किती, हेही मजुरांना सांगावं लागेल. सहा बाय सहा फुटांवर अरेबिका असेल तर एकरी १२१० झाडं; समजा एकरी पाचशे किलो टाकायचा ठरला, तर झाडामागे चारशे ग्रॅमच्या आसपास. दहा बाय दहावर रोबस्टा असेल तर ४३५ झाडं, म्हणजे साधारण ११५० ग्रॅम. पाला ओढून, झाडाच्या घेराखाली, बुंध्यापासून फूटभर सोडून पसरायचा, हलकीशी खुरपणी करायची आणि पाला परत वर ओढायचा. मूठभर एका जागी फेकलेला चुना काही कामाचा नाही.

वेळ: मान्सून ओसरल्यावर, ओल असताना. नोव्हेंबर सोयीचा. चुन्याला काम करायला ओल लागते. जानेवारीत कोरड्या मातीवर टाकलात तर कॉफीला फुलं आणणाऱ्या उन्हाळी पावसापर्यंत तो नुसता पडून राहील. पावसाळापूर्व खताच्या अगदी तोंडावरही नको. चुना आणि युरिया किंवा कोणतंही अमोनियावालं खत एकत्र आलं की अमोनिया हवेत उडतो. मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. मजूर वाचवायला दोन्ही एकाच टोपलीतून टाकणारे लोक मी बघितलेत, वास अख्ख्या बागेला येतो.

रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी, हिची वेळही चुन्याशी जोडलेली आहे. ते आम्ल मातीतच विरघळतं, हा आपल्या मातीचा एकमेव फायदा समजा. चुना पडला की त्याचं विरघळणं मंदावतं. त्यामुळे यंदा चुन्याआधी, काही महिने अगोदर रॉक फॉस्फेट देता आलं तर द्या, आणि चुना पडलेल्या पट्ट्यातच पुन्हा ते नको.

डोलोमाइट की साधी चुनखडीची भुकटी, हे मॅग्नेशियमच्या आकड्यावर ठरवा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, अहवालातही मॅग्नेशियम कमी असेल, तर डोलोमाइट. नाहीतर स्वस्त ते घ्या. भुकटी बारीक हवी, पिठासारखी. खडा राहिलेला माल वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. माल ओळखायची एक सोपी युक्ती: चमच्यात भुकटी घेऊन सौम्य आम्ल टाका. चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट हळू, जिप्सम अजिबात नाही. कळीचा चुना मात्र उभ्या बागेत नको. तो ताकदीला जवळजवळ पावणेदोनपट असतो, मुळं भाजतो आणि मजुरांचे हात-डोळेही.

जिप्समने सामू वाढत नाही, पण खालच्या थरात ॲल्युमिनियम फार असेल तर त्याचा उपयोग होतो: ते पाण्याबरोबर खाली उतरतं, कॅल्शियम नेतं आणि ॲल्युमिनियमचा जोर कमी करतं. ब्राझीलच्या सेराडो या विस्तीर्ण गवताळ पट्ट्यात १९७० च्या दशकापासून ज्या पडीक आम्ल जमिनी लागवडीखाली आल्या त्या चुना आणि फॉस्फेटच्या जोरावरच. पुढे खालच्या थरासाठी जिप्समही वापरात आलं. त्या कामाला २००६ चं जागतिक अन्न पारितोषिकही मिळालं. पण तिथे ट्रॅक्टर जातो, सपाट जमीन आहे, लागवडीआधी चुना नांगरून टाकता येतो. त्यांचे एकरी आकडे बघून आपल्या उतारावर तसेच चालवू नका. तुमच्याकडे ती संधी फक्त नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावताना मिळते: दीड फुटाचा खड्डा काढा, वरच्या मातीत चुना आणि कंपोस्ट मिसळून तो आधीच भरून ठेवा, पाऊस लागला की रोप लावा.

बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) चुना असतो, खोडकिड्यासाठी अरेबिकाच्या खोडालाही चुना लावतात, म्हणून 'बागेला चुना मिळतोच की' असं कुणी म्हणेल. ते प्रमाण मातीच्या दृष्टीने किरकोळ आहे. उलट तांबेऱ्यासाठी दरवर्षी बोर्डो मारलेल्या जुन्या बागेत तांबं साचत जातं, आणि माती जितकी आंबट तितकं ते मुळांना जास्त बाधतं. अहवालात तांब्याचा आकडाही मागून घ्या.

चवीबद्दल विचारलंत. आंबट मातीमुळे कॉफी आंबट होत नाही. कपातला आंबटपणा बियांमधल्या सायट्रिक, मॅलिक वगैरे आम्लांचा. तो जात, उंची, चेरी (कॉफीचं फळ) किती पिकलेली तोडली आणि पुढची प्रक्रिया व भाजणी यांवर ठरतो.

सिल्व्हर ओकवर मिरी चढवलेली असेल तर तिच्या बुंध्याभोवतीही थोडा चुना जाऊ द्या. तिलाही साडेपाचच्या पुढेच बरं वाटतं. चुना टाकल्यावर लगेच पुढच्या महिन्यात माती तपासायला पळू नका, फरक सावकाश पडतो. दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागांवरून नमुने घ्या.

अरेबिका आणि रोबस्टाचे वेगळे अहवाल आले की चुन्याची गरज, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि तांबं हे चार आकडे इथेच टाका, सोबत गेल्या तीन-चार वर्षांतल्या खतांची नावं. मग डोलोमाइट की चुनखडी आणि पहिल्या वर्षी किती, ते बघू.