वाखाच्या दोराचा भरवसा

प्रिय मित्रा,

जुन्या पद्धतीने, मनिला दोर, म्हणजे झाडाच्या धाग्यांचा दोर, घेऊन कडा चढून बघायचं तुझ्या मनात आहे. बघ, पण त्या दोरावर पडू नकोस. आधी वाळूचं पोतं बांध आणि सोडून दे. नायलॉनचा दोर ताणून झटका जिरवतो. मनिलाचा किंवा वाखाचा दोर जेमतेम ताणतो, त्यामुळे सगळा हिसका गाठीवर, दोर धरणाऱ्यावर आणि पडणाऱ्याच्या कमरेवर बसतो. कमरेवरच, कारण तेव्हा हार्नेस, म्हणजे कमर-मांड्यांना बांधायचे पट्टे, नव्हते. दोर पोटाभोवती घेऊन बोलाईन ही न आवळणारी फासाची गाठ मारली की झालं. तसं अधांतरी लोंबकळलं तर काही मिनिटांतच श्वास कोंडतो. म्हणून तेव्हा नियम एकच होता, पुढच्याने पडायचं नाही. मध्ये आधार नसेल तर ३० फूट वर गेलेला गडी ६० फूट खाली येतो.

दोर घेताना पीळ उलटा फिरवून पेड उघड. आत भुगा निघाला किंवा कुबट वास आला तर तो दोर बाद. बाहेरून कितीही चकचकीत असो. ओला गुंडाळून ठेवलेला दोर असा आतून कुजतो. भिजला की मोटेच्या नाड्यासारखा फुगतो, गाठ सुटता सुटत नाही. आल्प्समध्ये तर तो गोठून काठीसारखा ताठ व्हायचा, आणि बधिर बोटांनी तो हाताळायचा!

बुटांच्या तळाला ठोकायच्या खिळ्यांचं थोडक्यात: पकड बरी, पण लोखंडातून थंडी थेट तळव्यात. क्रॅम्पॉनला, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली बांधायच्या दातेरी सांगाड्याला, पुढचे दात १९२९मध्ये आले. तोवर उभ्या बर्फात कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदायची.

आता तुझा मॅटरहॉर्नचा प्रश्न: आल्प्समधल्या त्या शिखराच्या पहिल्या चढाईत दोर कसा तुटला. १४ जुलै १८६५, सात जण उतरत होते. हॅडो या नवख्या गिर्यारोहकाचा पाय घसरला, तो खालच्या क्रोझ या वाटाड्यावर आदळला, मागोमाग हडसन आणि डग्लस हे गिर्यारोहक ओढले गेले. दोर तुटला तो डग्लस आणि त्याच्या वरचा वाटाड्या थोरला टाउगवाल्डर यांच्यामध्ये. जवळच्या तीन प्रकारांतला सगळ्यात कमकुवत दोर नेमका तिथेच होता, आणि मजबूत दोर वापराविना पडून होता. टाउगवाल्डरनेच दोर कापला असा पुढे संशय घेतला गेला; मला तो अन्यायच वाटतो. दोर टिकता तर वरचे तिघेही बहुधा खाली गेले असते.

तो तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयात आहे. कधी गेलास तर त्याची जाडी नीट बघ.

तुझा,
दादा